तंजावरच्या मराठी राजवटीतील इस्लामविषयक लेखन

भोसले राजवटीत (सु. १६७६–१८५५) कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हिंदू-मुस्लिम संबंध सांगणारी साधने. शिलालेख, मोडी कागद, तमिळ संतचरित्रे व पाद्र्यांची पत्रे यांचा त्यांत समावेश होतो. राज्याचे संस्थापक व्यंकोजी (एकोजी) हे मुळात आदिलशाही सरदार म्हणून तंजावरवर चालून आले होते. त्यामुळे येथील संबंधांना धर्मयुद्धाचा साचा सुरुवातीपासूनच लागू पडत नाही.

प्रमुख साधन बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारातील मराठी शिलालेख. दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेने हुजूर चिटणीस बाबूराव यांनी भोसले वंशाची हकीकत सिद्ध केली. ती डिसेंबर १८०३ मध्ये कोरून झाली. मुलखाचा कारभार १७९९ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. सत्ता गेल्यावर लिहविलेला हा वंशेतिहास कुळाची थोरवी वाढवून सांगतो, हे ध्यानात घेऊनच तो वाचावा. अठराव्या शतकातील अर्काटच्या वारसायुद्धात प्रतापसिंह (कार. १७३९–६३) यांनी नवाबपदाचा दावेदार मुहंमद अली याचा पक्ष घेतला. त्याचा प्रतिस्पर्धी चंदासाहेब १७५२ मध्ये तंजावरच्या सेनापतीच्या हाती लागून मारला गेला. पुढे याच मुहंमद अलीने कंपनीच्या फौजेच्या बळावर १७७३ मध्ये तंजावर जिंकून राजे तुळजाजी यांना कैद केले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले. भांडण धर्माचे नव्हे, खंडणीचे व मुलखाचे होते.

नागोरचा दर्गा याच काळात वाढला. सोळाव्या शतकातील सूफी संत शाहुल हमीद यांच्या या स्थानी पाच मनोरे असून त्यांपैकी सर्वांत उंच, सुमारे १३१ फुटांचा, प्रतापसिंहांनी बांधविला. तुळजाजींनी दर्ग्याला गावे इनाम दिली. संताने तंजावरच्या अच्युतप्पा नायकाला रोगमुक्त केल्याची कथा दर्ग्याच्या परंपरेत आहे. गुलाम कादिर नावलर यांचे ‘नागूर पुराणम्’ (१८९३) हे तमिळ पुराणांच्या घाटाचे संतचरित्र. घडलेल्या घटनांसाठी ते फारसे भरवशाचे नाही, पण दर्ग्याला राजाश्रय का मिळे हे त्यातून जितके कळते तितके शिलालेखातून कळत नाही.

म्हैसूरच्या हैदर अलीच्या १७८१ च्या स्वारीची आठवण मात्र कडवट आहे. भातशेती उजाड झाली, माणसे म्हैसूरकडे नेली गेली. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या पत्रांतून या स्वारीमुळे पडलेल्या दुष्काळाचे वर्णन येते.

गावांतील व्यवहार दरबारी लेखनात क्वचितच उतरला. तंजावरजवळच्या कासवळनाडु पुदूरमध्ये हिंदू ग्रामस्थ आजही मोहरम पाळतात. पंजाची मिरवणूक काढतात व निखाऱ्यांवरून चालतात. दरबारचे दैनंदिन खर्च व देणग्या यांसाठी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दप्तर पाहावे लागते. त्यातील निवडक कागदांचा तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तीन खंडांत प्रसिद्ध केला आहे.