क्रमवारीतील सर्वोच्च स्थान : देशाचे की खेळाडूचे?

व्यावसायिक टेनिसमध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोन आकडे असतात. एक त्याचे सध्याचे जागतिक स्थान आणि दुसरा त्याने कारकिर्दीत गाठलेले सर्वोच्च स्थान. पहिला आकडा दर सोमवारी बदलू शकतो, दुसरा मात्र निवृत्तीनंतरही कायम राहतो. पुढे याच आकड्यावरून त्या खेळाडूच्या देशाचीही उंची मोजली जाते. मात्र ही मोजणी वाटते तितकी सरळ नाही.

क्रमवारीची सुरुवात

पुरुषांची संगणकीय क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ रोजी, तर महिलांची ३ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झाली. रुमानियाचा इली नास्तासे आणि अमेरिकेची ख्रिस एव्हर्ट हे एकेरीतील पहिले अव्वल खेळाडू. जून २०२४ मध्ये पहिल्या स्थानी पोहोचलेला इटलीचा यानिक सिनर हा हा मान मिळविणारा २९वा पुरुष खेळाडू ठरला. अर्धशतकात केवळ २९ नावे, यावरून त्या जागेचे मोल ध्यानात यावे. पहिल्या स्थानावर सर्वाधिक म्हणजे ४२८ आठवडे राहण्याचा विक्रम सर्बियाच्या नोव्हाक जोकोविचचा आहे. महिलांमध्ये हा विक्रम जर्मनीच्या स्टेफी ग्राफच्या नावावर (३७७ आठवडे) आहे.

मागील ५२ आठवड्यांत मिळविलेल्या गुणांवर ही क्रमवारी ठरते. ग्रँड स्लॅम विजेत्याला २००० गुण मिळतात आणि त्याखालोखाल १०००, ५०० व २५० गुणांच्या स्पर्धा असतात. वर्ष उलटले की जुने गुण गळून पडतात. त्यामुळे मिळविलेले स्थान राखण्यासाठीही दरवर्षी तेवढेच गुण नव्याने मिळवावे लागतात.

बदललेले गणित

हे गणित नेहमीच असे नव्हते. १९९० पूर्वी पुरुषांच्या क्रमवारीत एकूण गुणांना खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागून सरासरी काढली जात असे. त्यामुळे सातत्याने खेळणाऱ्यापेक्षा निवडक स्पर्धा खेळणाऱ्याचा लाभ होई. अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलासला त्याचा सर्वांत मोठा फटका बसला. १९७७ मध्ये त्याने फ्रेंच आणि अमेरिकन ओपनसह १६ विजेतेपदे पटकावली. अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत त्याने हरविले ते जिमी कॉनर्सला. तरीही वर्षअखेरीस संगणकाने कॉनर्सलाच अव्वल ठरविले. व्हिलासचे, आणि म्हणून अर्जेंटिनाच्या पुरुषांचे, सर्वोच्च स्थान दुसरे असेच नोंदले गेले. त्या काळातील क्रमवारी दर आठवड्याला प्रसिद्ध होत नसे. सुटलेल्या आठवड्यांचा हिशेब केल्यास व्हिलास पहिला येतो, असा दावा त्याच्या देशातील एका पत्रकाराने रुमानियन गणितज्ञाच्या साह्याने मांडला. पुरुष खेळाडूंच्या संघटनेने मात्र जुनी क्रमवारी बदलण्यास नकार दिला.

ऑस्ट्रेलियाच्या इव्हॉन गुलागाँगच्या बाबतीत नेमके उलटे घडले. १९७६ मधील काही नोंदी हिशेबात आल्याच नव्हत्या, हे महिला टेनिस संघटनेच्या २००७ मध्ये लक्षात आले. त्या वर्षी दोन आठवडे आपण अव्वल होतो, हे गुलागाँगला ३१ वर्षांनी कळले. दोन संघटनांच्या दोन निर्णयांनी दोन देशांच्या इतिहासातील आकडे वेगवेगळे झाले.

एकटे शिलेदार

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, स्पेन किंवा स्वीडन या देशांना एकाहून अधिक अव्वल खेळाडू लाभले. छोट्या किंवा टेनिसची परंपरा नसलेल्या देशांत मात्र सारा भार एकाच नावावर असतो. सायप्रसचा मार्कोस बगदातिस २००६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा उपविजेता ठरला आणि त्याच वर्षी आठव्या स्थानी पोहोचला. लक्झेंबर्गच्या जिल म्युलरने २०१७ मध्ये विम्बल्डनला नदालला हरविले आणि त्याच मोसमात २१वे स्थान गाठले. थायलंडचा परादोर्न श्रीचाफान २००३ मध्ये नववा होता. त्याच्यानंतर थायलंडचा एकही पुरुष खेळाडू पहिल्या दहांत आलेला नाही.

चिलीची कथा वेगळी आहे. १९९८ मध्ये मार्सेलो रिओस अव्वल ठरला. हा मान मिळविणारा तो लॅटिन अमेरिकेतील पहिला पुरुष खेळाडू. त्याला ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेतेपद कधीच मिळाले नाही आणि अव्वल स्थान एकूण सहाच आठवडे लाभले. मात्र त्याच्या मागून आलेल्या निकोलस मासू आणि फर्नांडो गोन्झालेझ यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये देशाला पहिली सुवर्णपदके मिळवून दिली.

आशिया आणि भारत

आशियाई पुरुषांमध्ये जपानच्या केई निशिकोरीचे चौथे स्थान (२०१५) सर्वोच्च मानले जाते. महिलांमध्ये चीनची ली ना २०१४ मध्ये दुसऱ्या स्थानी पोहोचली, तर जपानची नाओमी ओसाका जानेवारी २०१९ मध्ये एकेरीत अव्वल ठरलेली पहिली आशियाई खेळाडू झाली.

भारताचा पुरुष एकेरीतील सर्वोच्च आकडा १८ आहे. विजय अमृतराजने तो जुलै १९८० मध्ये गाठला आणि आजवर कोणत्याही भारतीयाला तो ओलांडता आलेला नाही. रमेश कृष्णन १९८५ मध्ये २३ व्या स्थानापर्यंत गेला. त्यानंतर लिएंडर पेस ७३ (१९९८), सोमदेव देववर्मन ६२ (२०११) आणि सुमित नागल ६८ (२०२४) अशी नोंद आहे. महिलांमध्ये सानिया मिर्झाचे २००७ मधील २७वे स्थान सर्वोच्च आहे. रमेशचे वडील रामनाथन कृष्णन यांनी १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली होती. परंतु तेव्हा संगणकीय क्रमवारीच नसल्याने आजच्या यादीत त्यांच्या नावापुढे आकडा नाही.

दुहेरीचे चित्र अगदी निराळे आहे. महेश भूपती आणि पेस हे दोघेही १९९९ मध्ये अव्वल होते. सानियाने एप्रिल २०१५ मध्ये, तर रोहन बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, दुहेरीत पहिले स्थान मिळविले. तेव्हा भारतीयांना क्रमवारीचे शिखर अपरिचित नाही. एकेरीत मात्र ते दूर राहिले आहे.

पहिल्या शंभरातील जागा

त्यामागील एक कारण क्रमवारीच्या रचनेतच दडलेले आहे. ग्रँड स्लॅम एकेरीच्या मुख्य फेरीतील १२८ जागांपैकी १०४ जागा थेट क्रमवारीनुसार भरल्या जातात. उरलेल्या पात्रता फेरीतून येणाऱ्यांना आणि आयोजकांच्या खास प्रवेशिकांवर खेळणाऱ्यांना मिळतात. म्हणजे शंभराच्या आतल्या खेळाडूला मोठे गुण आणि मोठी बक्षीस रक्कम मिळविण्याची संधी आपोआप लाभते. दीडशेव्या स्थानावरील खेळाडूला तीच संधी मिळविण्यासाठी देशोदेशी कमी गुणांच्या स्पर्धा खेळत फिरावे लागते. प्रवास, निवास आणि प्रशिक्षकाचा खर्च बहुतेकदा त्याच्याच खिशातून जातो.

घरच्या स्पर्धा हा खर्च हलका करतात आणि स्थानिक खेळाडूंना खास प्रवेशिकाही मिळवून देतात. चेन्नईत अनेक वर्षे भरणारी २५० गुणांची स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात बालेवाडीला आली. २०२३ नंतर ती तेथे झालेली नाही. त्यामुळे भारतीय पुरुषांसाठी या दर्जाचे हक्काचे अंगण उरले नाही.

म्हणूनच देशाची टेनिसमधील ताकद सर्वोच्च आकड्यापेक्षा पहिल्या शंभरात एकाच वेळी किती खेळाडू आहेत, यावरून अधिक अचूक कळते. अमृतराजचा १८ हा आकडा एका खेळाडूच्या गुणवत्तेची साक्ष आहे. तो इतकी वर्षे अबाधित राहणे ही मात्र त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी वाट तयार न झाल्याची नोंद आहे.