१३ सेंटिमीटर कुणाचे?

१९२७ साली र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. एकेकाळी विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे कर्वे वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात छापील उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, तरी निकाल विरोधातच गेला.

आज आमच्या उर्से गावातल्या पोराला शंका आली, तर तो मासिकाला पत्र लिहीत नाही, मोबाइलला विचारतो. आपलं लिंग लहान तर नाही ना? मोबाइल एक आकडा देतो आणि लगेच खाली तेल-गोळ्यांची जाहिरात. तो आकडा आला कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी त्याचा इतिहास चाळला.

१९४२ साली अमेरिकेत शॉनफेल्ड आणि बीब यांनी सुमारे १,५०० मुलगे आणि पुरुष मोजले. ताठ अवस्थेत दवाखान्यात मोजणं अवघड, म्हणून त्यांनी शिथिल लिंग ताणून मोजलं. ही सोय पुढे रूढ झाली. पण कोणता डॉक्टर किती जोराने ताणतो? पट्टी कातडीवर ठेवायची, की चरबी दाबून थेट हाडाला टेकवायची? पोट सुटलेल्या माणसात एवढ्यानेच आकडा बदलतो.

किन्सी यांच्या संशोधनात पुरुषांना कार्ड दिलं गेलं होतं. घरी मोजा, पोस्टाने पाठवा. सरासरी आली १५ सेंटिमीटरच्या वर. आपलं आपण मोजलं की आकडा वाढतो, हे नंतरही वारंवार दिसलं.

आता आपल्याकडे या. निरोध निसटतात, फाटतात, मग त्यांचं माप भारतीय पुरुषांना बसतं का, हे पाहायला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभरातल्या १,२०० हून जास्त पुरुषांची मापं घेतली. परळच्या प्रजनन आरोग्य संस्थेतले डॉ. चंदर पुरी यांनी त्याबद्दल माध्यमांना माहिती दिली. २००६ च्या डिसेंबरात जगभर मथळे झळकले आणि विनोद सुरू झाले. खरा प्रश्न निरोधाच्या मापांचा होता. बातमी झाली पुरुषांच्या लहानपणाची.

२००७ साली केरळमधल्या ३०१ पुरुषांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या ९३ जणांची ताठ लांबी मिळाली, सरासरी १३.०१ सेंटिमीटर. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी २० अभ्यास एकत्र केले, त्यात १५,५२१ पुरुष होते. ताठ लांबीची सरासरी निघाली १३.१२. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा!

पण त्या १५,५२१ पैकी ताठ लांबी मोजली गेली फक्त ६९२ जणांची. ताणलेल्या लांबीची सरासरी तर १३.२४, म्हणजे ताठ लांबीहून जास्त. केरळात उलटं, ताणलेली १०.८८ आणि ताठ १३.०१. याचा अर्थ सरळ आहे. दोन्ही मापं त्याच माणसांची नाहीत आणि ताणण्याची रीतही एक नाही. शिवाय अशा अभ्यासाला स्वतःहून कोण येतं? ज्याला लाज वाटते, तो सहसा येत नाही.

कर्व्यांच्या गणितातली एक साधी गोष्ट इथे कामी येते. सरासरी ही पास होण्याची रेघ नसते. साधारण निम्मे लोक तिच्या खालीच असणार. २०१५ च्या आकड्यांनुसार दर तीन पुरुषांतले दोन साधारण ११.५ ते १४.८ सेंटिमीटरच्या दरम्यान येतात. उरलेला तिसराही बहुतेक वेळा निरोगीच असतो.

हे आकडे निरोध बनवणाऱ्याला हवेत, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला हवेत. त्या पोराला हवं आहे ते सरळ उत्तर. ते देणाऱ्याला आपण कोर्टात खेचलं, आणि भीती विकणारा मात्र अजून धंदा करतोय.