जुना पीसी विकताना, नवा बांधताना: सुट्या भागांचा इतिहास

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात तलवारी नाहीत, तहही नाहीत. आजचा विषय आहे असेंबल्ड गेमिंग पीसी. तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर गेम खेळून आता कंटाळलेत आणि चाळीस-पन्नास हजारांत काय बसतं ते शोधतायत, हे मला तुमच्या मेसेजवरून कळतं. मी स्वतः त्याच उद्योगात आहे. इथं लोहाऱ्यात बसून जुना कॉम्प्युटर विकायचा आणि नवा बांधायचा हिशोब मांडतोय. आणि खरं सांगू का, त्या कागदावरच्या प्रत्येक आकड्यामागं एक घटना आहे. कुठं स्फोट, कुठं पूर, कुठं दिल्लीतलं धोरण. त्या घटना कळल्या की कधी घ्यावं, काय घ्यावं आणि जुनं किती रुपयांना द्यावं हे ठरवणं सोपं जातं.

सुटे भाग आले कुठून?

सुरुवात करू १२ ऑगस्ट १९८१ पासून. त्या दिवशी आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. कंपनीला घाई होती, म्हणून सगळं घरात न बनवता बाहेरून घेतलं. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून. वर तांत्रिक माहितीचं पुस्तकही छापून विकलं, म्हणजे इतरांना त्यात बसणारी कार्डं बनवता यावीत. फक्त एक गोष्ट कॉपीराइटनं बांधलेली होती, ती म्हणजे बायोस. १९८२ मध्ये कॉम्पॅक कंपनीनं तसंच काम करणारा बायोस नव्यानं, नक्कल न करता लिहून घेतला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी तर असा बायोस कुणालाही विकायला लागली. मग काय, दार सताड उघडलं. पुढं १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवलं. मदरबोर्डची भोकं कुठं, पॉवरची पिन कशी, कॅबिनेट केवढं, सगळं ठरलं. आज एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये गुमान बसतो, तो यामुळं.

गंमत बघा, हे सगळं घडलं तेव्हा आयबीएम भारतात नव्हतीच. परकीय चलनाच्या कायद्यामुळं परदेशी कंपन्यांनी मालकीतला वाटा कमी करावा असा आग्रह होता. आयबीएमला ते मान्य नव्हतं, ती १९७८ मध्ये निघून गेली. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारनं नवं कॉम्प्युटर धोरण आणलं आणि भाग आयात करून इथं कॉम्प्युटर जोडणं सोपं झालं. १९९१ नंतर दारं आणखी उघडली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटर व त्याच्या बऱ्याच भागांवरचं आयात शुल्क शून्यावर आलं.

याच काळात मुंबईचा लॅमिंग्टन रोड गजबजला. ग्रँट रोड स्टेशनजवळचा हा रस्ता, कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार तिथं होताच, त्यात मदरबोर्ड आणि रॅम आल्या. कंपनीचा डबाबंद पीसी परवडत नाही त्यानं असेंबल्ड घ्यायचा, ही मध्यमवर्गाची रीत तिथून राज्यभर पसरली.

आपल्याकडं तो कसा पोचला

आमच्या आजोबांच्या पिढीची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. तो धागा अजून तुटलेला नाही. उमरग्यावरून जाणारा हायवे एका बाजूला सोलापूर-पुण्याला जातो, दुसऱ्या बाजूला हैदराबादला. त्यामुळं पार्ट घ्यायचे म्हटलं की इथली पोरं लातूर-सोलापूरचे दर बघतात, पुण्याचे बघतात आणि सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरचेही बघतात.

पण आमच्याकडं बहुतेकांनी पहिला कॉम्प्युटर पाहिला तो एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, हा कोर्स तालुक्या-तालुक्यात पोचला आणि सरकारी नोकरीच्या अर्जात त्याचं सर्टिफिकेट लागू लागलं. सर बाहेर गेले की तिथंच रोड रॅश आणि व्हाइस सिटी सुरू व्हायचं. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गेमिंग थेट खिशात गेलं. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा गल्लीतली अर्धी पोरं सुतकात असल्यासारखी बसली होती, आठवतंय ना? आज पीसीकडं वळणारी पिढी तीच.

भाव कोण ठरवतं?

आता मुद्द्यावर येतो. आमच्या भागात सोयाबीन पिकतं. लोहाऱ्यातल्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक आहे की त्याच्या पोत्याचा भाव फक्त लातूरच्या मार्केट यार्डात ठरत नाही. ब्राझीलमध्ये पीक किती आलं, दिल्लीनं खाद्यतेलावरचं शुल्क किती केलं, त्यावर तो हलतो. रॅमचं, कार्डाचं अगदी तसंच आहे.

४ जुलै १९९३. जपानमधल्या निहामा शहरात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर जे काळं आवरण असतं, त्याला लागणारं रेझिन तिथं बनायचं, आणि जगाचा निम्म्याहून जास्त पुरवठा त्या एका कारखान्यातून व्हायचा. रॅमचे भाव काही आठवड्यांत भडकले. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप सोसलेल्या आणि सास्तूर उद्ध्वस्त झालेलं पाहिलेल्या आपल्या भागाला भूकंप म्हणजे काय ते सांगायला नको. तैवानमध्येही आधी माणसं गेली, घरं गेली. पण तिथली वीज गेली तशा चिपच्या फॅक्टऱ्याही थांबल्या आणि रॅम पुन्हा महागली. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि डिस्क दुपटीच्या घरात पोचल्या.

२०२० नंतरची गोष्ट तुम्ही स्वतः पाहिलीय. करोना, चिपची टंचाई आणि त्यात इथेरियमचं मायनिंग. ग्राफिक्स कार्ड छापील किमतीत मिळणं मुश्कील झालं. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धतच बदलली, कार्डावर ते मायनिंग करण्यात अर्थ उरला नाही आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. ज्यांनी तोवर दम धरला त्यांचं फावलं.

मग आताही थांबावं का? २०२५ च्या शेवटापासून रॅम चढलीय, कारण चिप कंपन्या आपली ताकद एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडं वळवतायत. इथं फरक नीट समजून घ्या. स्फोट, पूर, भूकंप यांत कारखाना बंद पडतो आणि दुरुस्त झाला की माल परत येतो. आता कारखाने जोरात चालू आहेत, पण माल दुसऱ्या गिऱ्हाईकाला जातोय. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. त्यामुळं "दोन महिने थांब, उतरेल" हा जुना सल्ला या वेळी मी डोळे झाकून देणार नाही.

माझा कागद

माझं बजेट ४५ हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माउस जुनेच ठेवतोय. गेमिंगसाठी बांधताना साधारण एक तृतीयांश ते ४० टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डाला ठेवायची, हा हिशोब मला पटतो. मी आरएक्स ६६०० वर आलोय. २०२१ चं, ८ जीबीचं कार्ड, वापरलेलं पण चांगलं असेल तर चालेल.

प्रोसेसर रायझेन ५ ५६००. का? कारण एएमडीनं एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आणलं आणि वर्षानुवर्षं तेच चालवलं. २०१८ च्या बी४५० बोर्डावरही २०२२ चा हा प्रोसेसर चालतो, फक्त बायोस अपडेट केलेला पाहिजे. दुकानदाराकडून ते करूनच घ्या. दुसरं म्हणजे या बोर्डाला डीडीआर४ रॅम लागते. नवं एएम५ घेतलं तर डीडीआर५ शिवाय पर्याय नाही. ८ जीबीच्या दोन स्टिका मी वापरलेल्या घेणार आहे. रॅम सहसा झिजत नाही. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून एकही चूक आली नाही, तर निर्धास्त राहायचं.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको, ती म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो डबा आपल्या भागातल्या विजेपुढं टिकत नाही. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की दिवे कसे मंदावतात ते तुम्ही बघताच. ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस, पक्क्या बिलासह. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कुणी म्हटलं तर लक्षात ठेवा, १८ टक्के जीएसटीसोबत वॉरंटीही सोडून देताय.

वापरलेलं कार्ड घेताना बैलबाजार आठवा. जाणता माणूस आधी दात बघतो, मग चालवून बघतो. कार्डाचा सीरियल नंबर आणि बिलाची तारीख हे त्याचे दात. पंधरा मिनिटं फरमार्क लावणं म्हणजे चालवून बघणं. तापमान किती चढतं, पंखा घरघरतो का, स्क्रीनवर ठिपके येतात का, एवढं बघा. मायनिंगला जुंपलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण मग दामही त्या हिशोबानं द्यायचा.

आणि जुन्याचं काय?

खरी अडचण इथं आहे. माझा जुना पीसी म्हणजे चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी डीडीआर३ आणि जीटीएक्स १०५० टीआय. प्रोसेसर २०१३ चा, कार्ड २०१६ चं. रॅम नव्या बोर्डात बसत नाही, म्हणजे विकायचा तर सगळाच. ऑनलाइन जाहिरातीवर ११ हजारांची ऑफर आलीय. आणि आमच्या गल्लीतला अकरावीतला एक मुलगा तोच पीसी मागतोय. त्याच्या वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून ९ हजार बाजूला काढलेत. ते बघायला आले आणि पहिला प्रश्न त्यांनी हाच केला: "दादा, हे अजून किती वर्सं चालंल?"

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दोन तारखांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. त्याच महिन्यात एनव्हिडियानं या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. हे न सांगता विकलं तर समोरच्याला कळणारही नाही. पण मग उद्या गल्लीत मान वर करून चालायचं कसं?

मी सांगितलं, "काका, जुने गेम चालतील, अभ्यासाचं सगळं होईल. नवे मोठे गेम याच्यावर धरू नका. लिनक्स मिंट टाकून देतो, म्हणजे इंटरनेट वापरायला सुरक्षित राहील. विंडोज पण ठेवतो, पण त्यात बँकेचं काही करू नका." काका थोडा वेळ गप्प बसले. मुलगा मात्र तोवर कॅबिनेटचं झाकण उघडून आत बघत होता.

दोन हजारांचा फरक माझ्यासाठी लहान नाही, एसएसडी ५०० जीबीची की १ टीबीची हे त्यावरच ठरतं. पण ऑनलाइनच्या ११ हजारांतून सोलापूरपर्यंतचा खर्च वजा करा, पॅकिंग वजा करा. शिवाय तो अनोळखी गिऱ्हाईक "पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा" असं म्हणत होता. मंडळी, हे पाठ करून ठेवा: पैसे मिळवायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. तसं कुणी सांगितलं की फोन ठेवून द्यायचा. मी ठेवला.

सौदा काकांशीच ठरलाय, ८,५०० ला. पाचशे मी स्वतः कमी केले, त्यातून त्यांनी स्पाइक गार्ड घ्यावा ही अट घालून. माझी एसएसडी ५०० जीबीचीच येईल, चालतंय. देण्याआधी माझी सगळी खाती काढणार. नुसतं क्विक फॉरमॅट करून फोटो आणि पासवर्ड खरे पुसले जात नाहीत, म्हणून ड्राइव्ह पूर्ण पुसून घेणार. आणि एका कागदावर लिहून देणार: कोणता भाग कोणत्या वर्षाचा, कशाचा सपोर्ट कधी संपला, पंखा कधी साफ केला.

तुम्हीही जुना पीसी विकताना असा कागद द्या. पुढं तो मुलगा कधीतरी हा पीसी आणखी कुणाला विकेल, तेव्हा त्यालाही तो कागद लागेल. तुमच्या बिल्डचा हिशोब मला पाठवा, पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन बोलू. तोवर रामराम.