रायफलीवरचा आकडा आणि तिचे खरे वय

एक जुनी लष्करी रायफल. दस्ता जिथे पोलादी भागाला मिळतो तिथे, उजव्या बाजूस, राजमुकुटाचा ठसा. त्याखाली 'व्ही. आर.', म्हणजे व्हिक्टोरिया राणीची अक्षरे. त्याखाली 'एन्फिल्ड', '१९०७' हे साल आणि शॉर्ट ली-एन्फिल्डचे संक्षिप्त नाव. शेजारी अनुक्रमांक. अशा रायफली संग्राहकांच्या हाती वरचेवर येतात, आणि वय ठरवायला आणखी काय हवे, असे पाहणाऱ्यास वाटते.

अडचण एवढीच, की व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी निवर्तली होती, आणि शॉर्ट ली-एन्फिल्ड ही रायफल १९०२ च्या अखेरीपर्यंत ब्रिटिश सैन्याने स्वीकारलीच नव्हती. १९०७ च्या अस्सल रायफलीवर सातव्या एडवर्डची 'ई. आर.' अक्षरे असायला हवीत.

ही रायफल एन्फिल्डची नव्हेच. ती बहुधा पेशावर आणि कोहाट यांच्या दरम्यान असलेल्या दर्रा आदमखेलसारख्या गावात, पठाण कारागिरांनी छोट्याशा कारखान्यात घडवलेली असते. नमुना म्हणून समोर असलेल्या बंदुकीवरचे ठसे ते नक्षीसारखे उतरवून घेत. त्यामुळे कुठे रोमन 'एन' उलटा उमटतो, कुठे मृत राणी पुन्हा राज्य करू लागते. साल आणि अनुक्रमांकही असेच उसने घेतलेले.

मग अनुक्रमांकावरून वय ठरवायचे तरी कसे? त्यासाठी तो आकडा मुळात कशासाठी होता, हे पाहावे लागते. तो इतिहासकारांसाठी नव्हता. कोणती रायफल कोणाच्या ताब्यात दिली, कोणती परत आली, कोणती हरवली, हे नोंदवहीत लिहिता यावे एवढाच त्याचा हेतू. प्रत्येक देशाने, किंबहुना प्रत्येक कारखान्याने, मोजणीची आपापली रीत ठरवली. ती रीत ठाऊक नसेल तर आकडा मुका आहे.

जर्मन माउझर रायफलींचे उदाहरण घ्यावे. तिथे प्रत्येक कारखाना दरवर्षी एकपासून मोजणी सुरू करी. चार आकडी संख्या संपल्या, की पुन्हा एकपासून आरंभ, मात्र संख्येखाली 'ए' हे अक्षर. नंतर 'बी', नंतर 'सी'. म्हणून एकच क्रमांक निरनिराळ्या कारखान्यांच्या, निरनिराळ्या वर्षांच्या रायफलींवर सापडतो. वय ठरते ते रिसीव्हरवर कोरलेल्या सालावरून. गुप्त शस्त्रसज्जतेच्या काळात जर्मनांनी तेही झाकले: १९३४ साठी 'के', १९३५ साठी 'जी'.

अमेरिकेची रीत याच्या उलट होती. १९०३ च्या नमुन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफलीवर रिसीव्हरचे साल नाहीच. आकडा एकपासून सुरू होऊन वर्षानुवर्षे वाढत जातो. नळीवर, पुढच्या माशीमागे, महिना आणि साल असते. पण ते नळीचे. १९०६ मध्ये नवे काडतूस आल्यावर आधीच्या रायफलींत मोठा फेरफार करावा लागला, आणि झिजलेल्या नळ्या तर पुढेही बदलल्या जात. त्यामुळे रिसीव्हरचे वय कळते ते क्रमांकावरून. आणि या रायफलीच्या बाबतीत ते वय कळणे हा केवळ हौसेचा भाग नाही.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि त्याच सुमारास काही स्प्रिंगफील्ड रायफलींचे रिसीव्हर गोळी झाडताना फुटले. रिसीव्हर म्हणजे नेमबाजाच्या गालाजवळचा भाग. चौकशीत दोष भट्टीपाशी सापडला. पोलाद किती तापले, हे अनुभवी कारागीर त्याच्या रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवत. ढगाळ दिवशी लालभडक दिसणारे पोलाद लख्ख उन्हात फिके दिसे; मग ते अधिक तापवले जाई. हा फरक ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जात असे. असे जळलेले पोलाद वरून निर्दोष दिसे, पण आतून ठिसूळ.

कारखान्यात तापमापक यंत्रे आली, दुहेरी उष्णता-प्रक्रिया सुरू झाली. स्प्रिंगफील्ड कारखान्यात हा बदल फेब्रुवारी १९१८ मध्ये, सुमारे ८,००,००० या क्रमांकापाशी झाला. रॉक आयलंड कारखान्यात त्याच वर्षी मे महिन्यात, २,८५,५०७ पाशी. दोन्ही कारखान्यांची मोजणी स्वतंत्र. म्हणून ४,००,००० हा आकडा रॉक आयलंडच्या रायफलीवर असेल तर ती नव्या पद्धतीची. तोच आकडा स्प्रिंगफील्डच्या रायफलीवर असेल तर ती संशयित. आकडा एकच, पण कारखान्याचे नाव वाचायचे राहिले तर डोळा गमावण्याची भीती.

त्या सीमेखालच्या दहा लाखांहून अधिक रायफलींपैकी बहुतेक कधीच फुटल्या नाहीत. चांगली कोणती आणि जळालेली कोणती, हे मात्र बाहेरून ओळखता येत नाही. म्हणूनच अमेरिकेतील नागरी नेमबाजी कार्यक्रम आजही कमी क्रमांकाच्या रायफली झाडू नयेत असे बजावतो.

भारतात पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके दिसलेली 'थ्री नॉट थ्री' म्हणजे आरंभी आलेल्या ली-एन्फिल्डच्याच कुळातली. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बनू लागली. स्वातंत्र्यापूर्वीच्या ईशापुरी रायफलीवर मुकुटाखाली 'जी. आर. आय.' आढळते, यातला 'आय' सम्राटपदाचा. पुढे मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. १९६२ च्या युद्धानंतर याच घडणीची, पण ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल ईशापूरने काढली. केवळ आकार पाहून तिला दुसऱ्या महायुद्धातली म्हणणारे पुष्कळ भेटतात.

ली-एन्फिल्डचा अनुक्रमांक एकाच जागी नसे. रिसीव्हर, नळी, बोल्टची मूठ, पुढची टोपी, मागच्या माशीची पट्टी, सर्वांवर तोच आकडा ठोकला जाई. कारण बोल्ट त्या-त्या रिसीव्हरला जुळवून बसवावा लागे. बोल्ट बदलला, की त्यावरचा जुना क्रमांक खोडून नवा ठोकत. संपूर्ण दुरुस्ती झालेल्या रायफलीवर 'एफ. टी. आर.' ही अक्षरे आणि दुरुस्तीचे साल येई, आणि घाईत पाहणारा तेच जन्मसाल समजून बसतो. संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या रायफलीवरही बोल्टच्या मुठीमागचा आकडा पुष्कळदा दिसतो. तो रिसीव्हरच्या आकड्याशी जुळला नाही, तर त्या दोन पोलादी तुकड्यांची गाठ कारखान्यात नव्हे, पुढे कुठल्यातरी शस्त्रागारात पडलेली असते.