बांबूपुढे फोर-के

टीव्हीच्या दुकानात फोर-के संच खपवायचा तर पडद्यावर वाघ हवा, हे आता ठरूनच गेलंय. पण चित्राचा कस लागतो तो वाघामागच्या बांबूत, आणि ताडोबात बांबूला तोटा नाही.

फोर-केच्या एका चित्रात आडवे 3840 आणि उभे 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके. सेकंदाला अशी 50 चित्रं जशीच्या तशी पाठवायची तर पाच ते दहा अब्ज बिट लागतील. प्रत्यक्षात दीड-दोन कोटींवर भागतं. बाकीचं पाठवण्याआधीच गाळलेलं असतं आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ही गाळणी म्हणजेच कॉम्प्रेशन.

या गाळणीचे मूळपुरुष बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवताना 1972 मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी सरकारी अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. एका परीक्षकाला म्हणे ती फारच सोपी वाटली! अहमद यांनी पैशांविना काम रेटलं आणि जानेवारी 1974 मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हा निबंध प्रसिद्ध केला. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येकातले ठळक चढउतार ठेवायचे आणि डोळ्याला न जाणवणारा बारकावा सोडून द्यायचा. मोबाइलमधला फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, छतावरची छत्री, सगळी याच कुळातली.

दुसरी युक्ती काळाची. वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकात एक प्रवेश संपेपर्यंत मागचा पडदा तोच असतो, हलतात ती पात्रं. कॉम्प्रेशनही पडदा एकदाच पाठवतं आणि पुढे कोण कुठून कुठे सरकलं एवढंच कळवतं. बांबूच्या रांजीत मात्र पडदाच हलतो. वारा सुटला की एकही पान मघाच्या जागी सापडत नाही, बिट पुरत नाहीत, पानांचा हिरवा लगदा होतो आणि वाघाचे पट्टे त्यात विरघळतात. वाघाला लपवण्याचं बांबूचं काम कॉम्प्रेशनही इमानेइतबारे करतं.

15 ऑगस्ट 1982 रोजी दूरदर्शन रंगीत झालं आणि त्याच महिन्याच्या 26 तारखेला ताडोबाच्या चंद्रपुरातून वडशाचा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जंगलातल्या गावांना मात्र पुढची कित्येक वर्षं अँटेना फिरवत मुंग्याच बघाव्या लागल्या. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा आली, आजची फ्री डिश. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. आत एमपेग-2 नावाचं कॉम्प्रेशन होतं. पावसाळ्यात ढग दाटले की उपग्रहाचा सिग्नल पडतो, नटीचा चेहरा गोठतो आणि त्याचे चौकोनी तुकडे होतात. गाळणीचे चौकोन उघड्या डोळ्यांनी दिसतात ते तेव्हाच.

त्याआधीच, 2003 मध्ये, एच.264 हे पुढचं कॉम्प्रेशन आलं होतं; 2013 मध्ये एच.265 आलं. मोकळ्या आभाळाला 64 बाय 64 चा मोठा चौकोन, पानांच्या गर्दीला बारीक. अशा हिशेबाने तेवढंच चित्र साधारण निम्म्या बिटांत बसू लागलं. त्याच्याच जोरावर 2015 च्या क्रिकेट विश्वचषकाच्या तोंडावर भारतात फोर-के डबे विकायला आले. ते शहरांपुरते. चंद्रपूर-गडचिरोलीत नवं कॉम्प्रेशन खरं पसरलं ते 2016 नंतर, स्वस्त डेटाबरोबर, मोबाइलमधून.

एच.265 च्या पेटंटवर इतक्यांनी हक्क सांगितला की गुगल, नेटफ्लिक्स वगैरेंनी मिळून 2018 मध्ये एव्ही1 हे बिनरॉयल्टीचं कॉम्प्रेशन काढलं. 2020 मध्ये एच.266 आलं. फ्री डिशवर मात्र एमपेग-2 वाहिन्या अजून टिकून आहेत. सगळंच एमपेग-4 वर, म्हणजे एच.264 वर, न्यायचं तर जुने डबे एका दिवसात मुके होतील, आणि फुकट दिसतंय म्हणून डबा घेतलेल्या माणसाला दुसरा डबा विकत घ्यायला कोण लावणार?