बाणाला टेकू कुठे द्यावा?

वर्गातील मुलांना धनुष्यबाणाचे चित्र काढायला सांगा. बहुतेक मुले आधी धनुष्याची कमान काढतील, मग दोरी, आणि शेवटी दोरीपासून निघून कमानीच्या बरोबर मध्यातून आरपार गेलेला बाण. चित्र छान दिसते, पण त्यात एक अडचण आहे. कमानीच्या मध्यावर लाकूड आहे! बाण त्यातून जाणार कसा? त्याला डावीकडून किंवा उजवीकडून वाट काढायला हवी, आणि सुटेपर्यंत कशावर तरी टेकायलाही हवे. बाण ज्यावर टेकतो त्या जागेला किंवा वस्तूला या लेखात आपण 'टेकू' म्हणू.

आज अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यासमोर टेकूचे अनेक प्रकार असतात आणि कोणता घ्यावा यावर हिरिरीने वाद होतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. तरीही या लहानशा वस्तूचा इतिहास आपण पाहणार आहोत, कारण बल, लवचीकता, कंपन आणि मुक्त पतन हे शाळेतले सगळे विषय त्यात एकत्र येतात.

पहिला टेकू : हात

हजारो वर्षे टेकू म्हणून वेगळी वस्तू नव्हतीच. धनुष्य धरणारा हात हाच टेकू होता. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे इंग्रज लढाऊ जहाज १९८२ साली वर काढण्यात आले. त्याच्या अवशेषांत १७०हून अधिक धनुष्ये आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. त्या धनुष्यांना बाण ठेवण्यासाठी खाच नाही की कंगोरा नाही. मूठ वळलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीवर बाण टेकायचा आणि धनुष्याच्या डाव्या अंगाने निघून जायचा.

मंगोल, तुर्क, चिनी आणि कोरियन धनुर्धर मात्र बाण उजव्या अंगाला ठेवत. तेथे टेकू म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. हा फरक का पडला असावा? त्याचे उत्तर दोरी ओढणाऱ्या हातात आहे. इंग्रज धनुर्धर दोरी तीन बोटांनी ओढत. बोटांच्या वळणामुळे दोरीला किंचित पीळ बसतो आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगावर रेलून राहतो. आशियातील धनुर्धर दोरी अंगठ्याने ओढत. तेथे पीळ उलटा पडतो आणि बाण उजव्या अंगावर रेलतो. बाण चुकीच्या बाजूला ठेवला, तर दोरी ओढता ओढता तो टेकूवरून घसरतो. म्हणजे टेकूची जागा दोरी कशी सोडायची यावरून ठरली. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

अंगठ्याला दोरी काचू नये म्हणून या लोकांनी हाड, शिंग आणि दगडाची कडी वापरली. मोगल काळातील जेड दगडाची नक्षीदार कडी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. एकलव्याच्या गोष्टीत द्रोणाचार्य नेमका अंगठाच का मागतात, असे एखादा विद्यार्थी विचारील. ती कथा आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. पण दोरी ओढण्यात अंगठ्याला मोठे काम असल्याशिवाय त्या मागणीला धार येत नाही, एवढे तर्काने म्हणता येते.

एक कोडे

आता एक कोडे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या धनुर्धराने बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवला आहे. दोरी पूर्ण ओढलेली असताना बाण लक्ष्याकडे रोखलेला आहे. दोरी सुटते आणि धनुष्याच्या मध्यरेषेकडे परत येऊ लागते. बाणाचे शेपूट त्या रेषेत, पण पुढचा भाग लाकडाच्या जाडीमुळे डावीकडे ढकललेला. दोरी जितकी पुढे येईल तितका बाण अधिक तिरपा व्हायला हवा आणि लक्ष्याच्या डावीकडे जायला हवा. प्रत्यक्षात चांगला बाण सरळ लक्ष्यावर जातो!

अमेरिकेतील डॉक्टर आणि धनुर्धर रॉबर्ट एल्मर यांनी या कोड्याला 'धनुर्धराचा विरोधाभास' असे नाव दिले. त्याचा निकाल लागायला मात्र १९३०चे दशक उजाडावे लागले. क्लॅरेन्स हिकमन हे भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा बेल प्रयोगशाळेत काम करीत होते. १९१८ साली त्यांनी रॉबर्ट गोडार्ड यांच्याबरोबर अग्निबाणांवर काम केले होते. साध्या बाणांचाही त्यांना नाद होता. सुटणाऱ्या बाणाची त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रे घेतली.

अशा कॅमेऱ्याची गरज का पडली, हे गणिताने पाहू. दोरी बाणाला साधारण ५० सेंटिमीटर ढकलते आणि बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटतो असे धरू. त्वरण एकसारखे मानले, तर सरासरी वेग २५ मीटर प्रति सेकंद. अर्धा मीटर जायला वेळ लागला ०.०२ सेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. डोळ्याला यातले काय दिसणार?

चित्रांत दिसले ते असे. बोटांवरून निसटताना दोरी सरळ पुढे न जाता आधी थोडी डावीकडे सरकते. मागून जोराचा धक्का आणि पुढे जड टोक, यांच्यामध्ये बाणाची दांडी दाबली जाते आणि वाकते. आधी तिचा मधला भाग धनुष्याच्या अंगाकडे फुगतो. मग ती उलट वाकते आणि मधला भाग धनुष्यापासून दूर जातो. तिसऱ्यांदा वाकते तेव्हा शेपटाकडचा भाग बाहेरच्या बाजूला असतो आणि पिसे लाकडाला न लागता निघून जातात. बाण धनुष्याला वळसा घालून जातो! टेकूचा आणि त्याचा संबंध तर फार आधीच सुटलेला असतो.

हे सगळे जुळून येण्यासाठी बाणाचे वाकणे धनुष्याच्या जोराशी जमावे लागते. दांडी फार ताठ असेल तर बाण डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे. म्हणून बाणाचा ताठपणा मोजण्याची एक पद्धत रूढ झाली. २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर दांडी ठेवायची, मध्यावर दोन पौंड वजन टांगायचे आणि दांडी किती वाकते ते मोजायचे. बाण बनवणारे जुने कारागीर हीच परीक्षा हाताने दांडी वाकवून करीत असत. कारण ठाऊक नसताना त्यांनी उपाय शोधून काढला होता. हिकमन, फॉरेस्ट नॅगलर आणि पॉल क्लॉपस्टेग यांनी या विषयावरचे संशोधन १९४७ साली पुस्तकरूपाने एकत्र केले.

हातावरून फळीवर

अमेरिकेत शिकारीचे धनुष्य पुन्हा वर आले त्याची एक जुनी हकिगत आहे. यादवी युद्धानंतर मॉरिस आणि विल टॉम्पसन या भावांनी फ्लॉरिडाच्या रानात धनुष्याने शिकार केली. मॉरिसने त्यावर लिहिलेले पुस्तक १८७८ साली आले आणि या छंदाची लाट उसळली. १९११ साली कॅलिफोर्नियातील याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, जगासमोर आला. त्याच्यावर उपचार करणारे शल्यचिकित्सक सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले आणि १९२३ साली त्यांनीही पुस्तक लिहिले. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने हरणांच्या शिकारीसाठी धनुर्धरांना स्वतंत्र हंगाम दिला.

शिकाऱ्याच्या दृष्टीने टेकूला महत्त्व का? शिकारी बाणाच्या टोकाला रुंद, धारदार पाती असतात. बाण सुटताना पिसे कशाला घासली, तर बाणाचे शेपूट डोलू लागते. मग पुढची पाती लहान पंखांसारखी वारा धरतात आणि बाण आणखी भरकटतो. तिरपा लागलेला बाण खोल जात नाही. जनावर तत्काळ मरत नाही. जखमी होऊन पळते आणि कुठेतरी तडफडत राहते. टेकूची निवड हा केवळ नेमबाजीचा प्रश्न नाही, तो असा आहे.

पहिली सुधारणा साधी होती. धनुष्याच्या मुठीच्या वर लाकडात कापून एक छोटी फळी काढायची आणि तिच्यावर कातडे किंवा मऊ केसाळ कापड चिकटवायचे. दोरी ओढताना बाण घासून आवाज झाला तर हरीण बिथरते, म्हणून हे अस्तर. अशा फळीवर पक्ष्यांची पिसे चालतात, कारण पीस लाकडाला लागले तरी दबते आणि पुन्हा उभे राहते. प्लॅस्टिकची पाती पावसात भिजत नाहीत, पण ती दबत नाहीत. फळीला लागली की बाणाला ढकलून देतात. प्लॅस्टिकची पाती आल्यावर बाण फळीपासून उचलून धरणारी बारीक तार किंवा लवचीक जीभ आली. १९७०च्या आसपास व्हिक बर्गर यांच्या नावाने ओळखले जाणारे स्प्रिंगचे बटणही रूढ झाले. ते बाजूने बाणाला टेकते आणि बाणाचा आडवा दाब सोसून घेते. स्प्रिंग कमीजास्त ताणून बाणाची दिशा जुळवता येते.

कप्प्या आल्या आणि दिशा बदलली

मिझूरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली एका नव्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते त्यांना १९६९ साली मिळाले. धनुष्याच्या टोकांना विकेंद्री कप्प्या लावलेले हे 'कंपाउंड' धनुष्य. दोरी पूर्ण ओढल्यावर ती धरून ठेवायला लागणारे बल त्यात खूप कमी होते. पुढे अशा धनुष्यांची मूठ धातूची झाली आणि बाणाच्या जागी ती मध्यरेषेच्याही पलीकडे कापलेली असते. म्हणजे मुलांच्या चित्रातला बाण अखेर खरा झाला. तो मधूनच जातो!

याबरोबर दोरी बोटांऐवजी मनगटाला बांधलेल्या कळीने सोडण्याची पद्धत आली. कळीतून दोरी डावीकडे न सरकता सरळ सुटते. त्यामुळे बाण आडवा फारसा वाकत नाही, जो वाकतो तो मुख्यतः वरखाली. बाजूच्या बटणाचे काम संपले. आता आधार खालून हवा. त्यासाठी स्प्रिंगवर बसवलेला दोन दातांचा टेकू आला. खालचे पाते त्या दोन दातांमधून निघून जाते.

पण झाडावरच्या मचाणात तासन् तास बसलेल्या शिकाऱ्याचा बाण अशा दातांवरून सहज घरंगळतो. त्यावर एक उपाय म्हणजे ब्रशासारख्या ताठ केसांचे कडे. बाण मध्ये सर्व बाजूंनी धरलेला राहतो आणि सुटताना पाती केसांतून घुसून जातात. बाण कधीच पडत नाही, पण पात्यांना घर्षण मात्र होते.

दुसरा उपाय म्हणजे पडता टेकू. दोरी ओढली की एका बारीक दोरीने तो उभा राहतो आणि बाण सुटताच खाली पडतो. तो नुसता वजनाने पडून चालेल का? बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने सुटतो आणि शेपूट टेकूपाशी पोहोचायला सुमारे ०.०१५ सेकंद लागतो असे धरू. तेवढ्या वेळात मुक्त पतनाने टेकू किती पडेल?

½ × ९.८ × ०.०१५ × ०.०१५ = ०.००११ मीटर

म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर! पात्याची उंची सुमारे १२ मिलिमीटर असेल, तर टेकूला गुरुत्वत्वरणाच्या अकरापट त्वरणाने खाली जावे लागेल. म्हणून तेथे स्प्रिंग किंवा ताणलेली दोरी लागते. ती बिघडली, गोठली किंवा तिच्यात काडी अडकली, तर टेकू वेळेवर पडत नाही आणि पाते त्यावर आदळते.

मग निवड कशी करायची?

बोटांनी दोरी सोडणारा आणि पिसांचे बाण वापरणारा शिकारी कातड्याच्या फळीवर सुखी असतो. बोटे आणि प्लॅस्टिकची पाती असतील तर लवचीक जीभ आणि बाजूचे बटण. कळ वापरणाऱ्याला आधार खालून हवा. दाट झाडीत, चालताना बाण पडू नये असे वाटत असेल तर केसांचे कडे. पाती कशालाच लागू नयेत असा आग्रह असेल, आणि यंत्राची निगा राखण्याची तयारी असेल, तर पडता टेकू. मेरी रोझवरच्या धनुर्धराला लागू असलेला नियम येथेही लागू आहे. दोरी कशी सुटणार ते आधी पाहा, टेकू नंतर ठरवा.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. धनुष्याची गरज नाही. लवचीक प्लॅस्टिकची पट्टी दोन तळव्यांमध्ये टोकांवर उभी दाबा. ती कोणत्या बाजूला फुगते ते पाहा. मग एक टोक किंचित डावीकडे सरकवून दाबा आणि फरक नोंदवा. नंतर सारख्या लांबीच्या तीन-चार बांबूच्या काड्या दोन विटांवर आडव्या ठेवा, मध्यावर तेच वजन टांगा आणि प्रत्येक काडी किती मिलिमीटर वाकते ते मोजा. दिसायला सारख्या काड्या किती वेगळ्या वाकतात हे पाहिले, की एकसारखे बाण करणाऱ्या कारागिराचे कसब मुलांना सांगावे लागणार नाही.