छापलेल्या दाव्यातली चूक

व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठीची जीमॅट परीक्षा १९५४ सालची. ऑक्टोबर १९९४ पासून तिच्यात दोन निबंध आले. त्यातला एक मला मास्तर म्हणून फार आवडतो. एखादा व्यापारी दावा छापलेला असे. आपलं मत सांगायचं नाही, ३० मिनिटांत त्याचा तर्क कुठे लंगडतो तेवढं दाखवायचं. उर्दूत याला मुगालता म्हणतात. इब्न सीनांनी ‘शिफा’त या विषयाला स्वतंत्र भाग दिला आहे.

कोका-कोलाचंच घ्या. सुमारे २ लाख लोकांना चव देऊन पाहिली, बहुतेकांना नवी आवडली, म्हणून २३ एप्रिल १९८५ ला नवी आणली, जुनी बंद. ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली! घोटभर आवडलं म्हणजे लोक जुनं सोडायला तयार आहेत, हे कंपनीने गृहीत धरलं होतं.

१९९९ पासून हे निबंध माणसासोबत संगणकही तपासू लागला. २०२४ च्या सुरुवातीला तो निबंध परीक्षेतून गेलाच.

मी हाच दावा वर्गात फळ्यावर लिहिला. एक पोरगा म्हणाला, “सर, तुम्हीच लिहिलंय, मग चूक कशी असेल?” त्या तासाला पुस्तक उघडलंच नाही.